छातीवरचा नारळ: न्यूझीलंडमधील प्रशांत महासागरी टी-शर्टांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे नेमक्या कोणत्या टी-शर्टांचा विचार केला आहे?

माडाचे झाड, मावळता सूर्य आणि बेटाचे नाव एवढेच छापलेले, विमानतळावर पर्यटकांना विकले जाणारे टी-शर्ट येथे अभिप्रेत नाहीत. सामोआ, टोंगा, कुक बेटे, नियुए, टोकेलाऊ, तुवालू आणि फिजी येथून न्यूझीलंडला येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील तरुणांनी, मुख्यतः १९९०च्या दशकापासून, आपल्यासाठी आणि आपल्यासारख्यांसाठी छापलेले टी-शर्ट हा येथील विषय आहे. त्यांच्यावरील मजकूर इंग्रजीत असतो, सामोअन किंवा टोंगनमध्ये असतो आणि पुष्कळदा दोन्हींची अशी सरमिसळ असते की केवळ एकच भाषा येणाऱ्याला निम्माच विनोद कळावा. हवाई आणि इतर काही बेटांचा उल्लेख पुढे ओघाने आला आहे; परंतु या प्रकाराचे माहेर शोधायचे झाल्यास ते दक्षिण ऑकलंडमध्येच सापडते.

एवढ्या मोठ्या महासागरातील लोकांची ही कला ऑकलंडच्या एका उपनगरात का फुलली?

कारण ते लोकच मोठ्या संख्येने तेथे आहेत. न्यूझीलंडच्या २०२३च्या जनगणनेनुसार देशात प्रशांत महासागरी वंशाचे सुमारे ४ लाख ४२ हजार लोक राहतात, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.९ टक्के. त्यांपैकी २ लाख १३ हजारांच्या आसपास सामोअन आहेत, आणि खुद्द सामोआ देशाची लोकसंख्याही साधारण तेवढीच आहे. नियुएचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्या बेटावर आज २ हजारांहूनही कमी माणसे उरली असून न्यूझीलंडमधील नियुएवंशीयांची संख्या ३० हजारांच्या घरात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना कामगार हवे होते, म्हणून बेटांवरून माणसे आली. ती प्रथम ऑकलंडच्या मध्यवर्ती पॉन्सनबीसारख्या भागांत राहिली आणि पुढे सरकारी घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या तशी ओटारा, मांगेरे अशा दक्षिणेकडील उपनगरांत सरकली.

ओटाराच्या वाहनतळावर दर शनिवारी सकाळी बाजार भरतो. तारो आणि रताळी, फुलांच्या माळा, चटया, लव्हालव्हा म्हणजे कमरेला गुंडाळायची वस्त्रे, जुन्या वस्तू आणि गरमागरम खाद्यपदार्थ असा त्याचा थाट आपल्याकडील आठवडे बाजारासारखाच असतो. दुकान थाटण्याइतके भांडवल नसलेल्या तरुणाला या बाजारात एका टेबलावर वीस-पंचवीस टी-शर्ट मांडून बसता येत असे, आणि समोरून जाणारे गिऱ्हाईक हे त्याच्याच घरातले, शाळेतले किंवा चर्चमधले असल्यामुळे कोणता विनोद चालला आणि कोणता पडला, हे दुपारपर्यंत कळत असे. या कलेची जडणघडण जाहिरात संस्थेत न होता बाजारात झाली, ही गोष्ट तिचा स्वभाव समजून घेण्यासाठी फार महत्त्वाची आहे.

‘पोपोहार्डवेअर’ हे नाव वारंवार ऐकू येते. ते काय आहे?

सिलिगा डेव्हिड सेटोगा या सामोअन वंशाच्या न्यूझीलंडवासी कलावंताने सुरू केलेली ती टी-शर्टांची मुद्रा, म्हणजे ब्रँड, आहे, आणि ओटाराच्या बाजारातील तिचा ठेला अनेक वर्षे प्रसिद्ध होता. बाजारातील ओळखीच्या बोधचिन्हांची अक्षरे आणि रंग जसेच्या तसे ठेवून त्यांतील शब्द सामोअन अर्थाकडे वळवायचे, ही तिची खासियत.

नाव समजून घेण्यात कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला अडचण येऊ नये. सामोअन भाषेत ‘पोपो’ म्हणजे नारळ. पण पाणी पिण्याचे शहाळे नव्हे, तर चांगला पिकलेला, खोबरे खवून दूध काढण्याजोगा नारळ. नारळाच्या वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळी नावे देणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला कोणी सरसकट ‘कोकोनट’ म्हणून हिणवले, तर त्या शिवीतला पहिला दोष तिचे अज्ञान हाच त्याला दिसणार.

‘कोकोनट’ ही शिवी आहे का? आणि असल्यास ती छातीवर का मिरवायची?

न्यूझीलंडमध्ये ती बेटांवरून आलेल्या लोकांसाठी वापरली गेलेली शिवी आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. भारतीय वंशाच्या लोकांमध्ये, विशेषतः ब्रिटनमध्ये, ‘कोकोनट’ म्हणजे बाहेरून तपकिरी आणि आतून गोरा, म्हणजे आपल्या माणसांशी परका झालेला मनुष्य, असा अर्थ रूढ आहे. न्यूझीलंडमधील मूळ शिवीला एवढी खोली नव्हती. तिचा रोख ‘तू नारळाच्या झाडाखालून उठून आलेला गावंढळ’ एवढाच होता. याच जातीचा दुसरा शब्द म्हणजे ‘फ्रेशी’ किंवा ‘फॉब’, अर्थात नुकताच बोटीतून उतरलेला. वास्तविक १९७०च्या दशकापर्यंत बहुतेक मंडळी विमानाने येऊ लागली होती. परंतु शिव्या देणारे वाहतुकीच्या साधनांचा बारकाईने अभ्यास करून शिव्या देत नाहीत. अमेरिकेतील भारतीय मुलांनाही हा ‘फॉब’ शब्द परिचित आहे.

छातीवर तो का मिरवायचा, याचे उत्तर मराठी माणसाला ‘घाटी’ या शब्दावरून पटकन समजेल. मुंबईत किंवा गोव्यात दुसऱ्याने तुच्छतेने ‘घाटी’ म्हटले तर अंगावर काटा येतो. तोच शब्द दोन साताऱ्याच्या मित्रांनी एकमेकांना म्हटला तर त्यात जवळीक असते. आणि तो ठळक अक्षरांत छापून कोणी रस्त्यावरून निघाला, तर समोरच्याच्या हातातील दगड त्याने आधीच आपल्या खिशात टाकलेला असतो. ‘फ्रेशी’ छापलेल्या टी-शर्टाचे काम नेमके हेच आहे. मात्र अशा शब्दाचा डंख पूर्णपणे निघून जातो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्या आजीने तो शब्द कारखान्याच्या रांगेत पहिल्यांदा ऐकला, तिला नातवाच्या छातीवर तो वाचताना हसू येईलच असे नाही, आणि अनेक घरांत या टी-शर्टांवरून वाद झाले असणार, हे समजण्यासाठी फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

‘डॉन रेड’ हा शब्द टी-शर्टांवर आणि संगीतात इतका का आढळतो?

१९७३च्या तेलसंकटानंतर न्यूझीलंडची अर्थव्यवस्था मंदावली, कारखान्यांना कामगार नकोसे झाले, आणि ज्यांना बोलावून आणले होते त्यांच्याच प्रवेशपत्रांच्या मुदती तपासल्या जाऊ लागल्या. १९७४ ते १९७६ या काळात पोलिसांनी आणि स्थलांतर अधिकाऱ्यांनी पहाटेच्या वेळी घरांवर छापे घातले. झोपेतून उठवून कागदपत्रे मागितली जात. मुदत संपूनही राहिलेल्यांमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन लोकही होते; पण दारे ठोठावली गेली ती प्रामुख्याने बेटांवरून आलेल्यांची. हा भेदभाव पुढेही टिकला: १९८५-८६ मधील पाहणीत असे दिसून आले की मुदतीपेक्षा अधिक राहणाऱ्यांमध्ये प्रशांत महासागरी लोक सुमारे एकतृतीयांश होते, खटले मात्र ८६ टक्के त्यांच्यावरच भरले गेले. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी या छाप्यांबद्दल १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या नगरभवनात सरकारच्या वतीने औपचारिक माफी मागितली. त्या वेळी सामोअन ‘इफोगा’ विधीप्रमाणे त्यांच्या अंगावर चटई घालण्यात आली. अपराधी पक्षाने चटईखाली बसायचे आणि दुखावलेल्या पक्षाने ती काढायची, असा तो विधी आहे.

‘डॉन रेड’ म्हणजे हाच पहाटेचा छापा. १९९९ साली दक्षिण ऑकलंडमध्ये स्थापन झालेल्या एका हिपहॉप संगीत कंपनीने मुद्दाम तेच नाव घेतले, आणि ब्रदर डी व अँडी मर्नेन या तिच्या संस्थापकांनी सुरुवातीचे भांडवल उभारले ते ओटाराच्या बाजारात टी-शर्ट विकून. ज्या दोन शब्दांनी आईवडिलांची झोप उडाली होती ते शब्द मुलांनी धंद्याच्या पाटीवर लावले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत धारदार विनोद तोच आहे, आणि त्याला चित्राची गरजही लागली नाही.

यापूर्वीही अशा विनोदाची एक चुणूक दिसली होती. १९७१ साली ऑकलंडमध्ये स्थापन झालेल्या पॉलिनेशियन पँथर या तरुणांच्या संघटनेने छाप्यांना उत्तर म्हणून काही मंत्र्यांच्या घरांसमोर पहाटेच्या वेळी जाऊन दिवे रोखले आणि कर्ण्यावरून त्यांनाच पारपत्रे दाखवायला सांगितले.

या टी-शर्टांवरील विनोद नेमका कसा घडतो?

सर्वांत रूढ तऱ्हा बोधचिन्हाच्या सोंगाची आहे. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला वाटते की हे न्याहारीच्या पदार्थाचे, बुटांच्या कंपनीचे किंवा सुपरमार्केटचे ओळखीचे चिन्ह आहे. तीन पावलांवर आल्यावर कळते की अक्षरे बदललेली आहेत आणि जागा एखाद्या सामोअन शब्दाने, बेटाच्या नावाने किंवा त्या जुन्या शिवीने घेतलेली आहे. विनोद या दोन अंतरांच्या मधल्या सात पावलांत घडतो. वाचणाऱ्याचा चेहरा बदलताना टी-शर्ट घालणारा पाहत असतो, आणि तो चेहराच त्याला सांगतो की समोरचा आपल्यापैकी आहे की नाही. सामोअन माणूस हसतो, गोरा माणूस, म्हणजे सामोअन भाषेतील ‘पालांगी’, पुष्कळदा पुन्हा एकदा वाचतो. म्हणून अशा टी-शर्टाला मी अर्धे संभाषण म्हणेन. उरलेले अर्धे वाचणाऱ्याकडे असते, आणि घडी घालून कपाटात ठेवलेल्या टी-शर्टात तो विनोद शिल्लक राहत नाही.

कंपनीचेच चिन्ह का, यालाही कारण आहे. या वस्तू दक्षिण ऑकलंडच्या प्रत्येक घरात होत्या, अनेकांचे आईवडील त्या बनवणाऱ्या किंवा बांधणाऱ्या कारखान्यांत पाळ्या करत होते, परंतु त्यांच्या जाहिरातींत बेटांवरच्या चेहऱ्यांना जागा नव्हती. चिन्ह उचलून त्यावर आपले नाव लिहिणे म्हणजे ज्या घरात भाडे भरले त्या घराच्या दारावर उशिरा का होईना पाटी लावणे.

यामागे जुन्या परंपराही आहेत. टोंगामध्ये ‘हेलिआकी’ नावाची एक काव्यरीत आहे: सांगायचे एक आणि सुचवायचे दुसरे. व्यक्तीचे नाव न घेता फुलाचे किंवा गावाचे नाव घ्यावे आणि जाणकाराने ओळखावे. आपल्याकडे संस्कृत साहित्यशास्त्रातील व्यंजना, किंवा घरगुती भाषेत बोलायचे तर ‘लेकी बोले सुने लागे’, ही तिची दूरची नातलग म्हणता येतील. सामोआमध्ये ‘फाले आइतु’, शब्दशः आत्म्यांचे घर, हा विनोदी नाट्यप्रकार आहे. त्यातील विदूषक गावप्रमुखाची, पाद्र्याची, सरकारी अधिकाऱ्याची यथेच्छ टिंगल करतो आणि कोणी त्याला जाब विचारत नाही, कारण बोलणारा तो नव्हे, त्याच्या तोंडून आत्मा बोलतो अशी धारणा असते. तमाशाच्या वगातील सोंगाड्या राजाला राजाच्या तोंडावर जे ऐकवतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही सवलत समजावून सांगण्याची गरज नाही. टी-शर्टही घालणाऱ्याला असाच आडोसा देतो. तोंडाने काही बोललेलेच नसते. जे आहे ते कापडावर आहे.

सर्वच विनोद वंशभेदाविषयी असतात का?

मुळीच नाही, आणि माझ्या आवडीचे तर बहुतेक घरगुतीच आहेत. खाणे हा त्यांचा मोठा विषय. सामोअन भाषेत डबाबंद खारवलेल्या गोमांसाला ‘पिसुपो’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील वाटाण्याच्या सूपाच्या नावावरून आला, कारण डब्यातून आलेला एक आरंभीचा पदार्थ तो होता, आणि पुढे डब्यातील प्रत्येकच गोष्टीला व अखेर गोमांसाला तेच नाव चिकटले. लग्नाला, मयताला, चर्चच्या समारंभाला डब्यांची खोकी भेट देण्याची प्रथा आहे, म्हणून पिसुपोचा डबा हे एकाच वेळी प्रतिष्ठेचे, प्रेमाचे आणि वाढत्या कोलेस्टेरॉलचे चिन्ह ठरते. मिशेल टफरी या कलावंताने १९९४ साली अशाच डब्यांचे पत्रे जोडून आकाराने खऱ्याखुऱ्या बैलाएवढे शिल्प केले. ते शिल्प वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टी-शर्टावरील डबा हा त्याच विनोदाचा स्वस्त आणि अंगावर घालता येण्याजोगा भाऊ.

दुसरा विषय आईची शिस्त. माडाच्या पात्यांच्या हिरांचा झाडू, सामोअनमध्ये ‘सालू’, हा अंगण झाडण्यासाठी असतो आणि अंगण झाडून झाल्यावर मुलांसाठी असतो. हिरांच्या खराट्याचा हा दुहेरी उपयोग कोकणातल्या वाचकाला वेगळा सांगायला नको. त्याशिवाय नेमक्या वेळेच्या तासभर नंतर सुरू होणारी ‘आयलंड टाइम’, कानोकानी पसरणाऱ्या बातम्यांची ‘कोकोनट वायरलेस’, सख्ख्या-चुलत भावंडांची न संपणारी यादी, आणि शरीराचे भरदार माप यांवरही भरपूर विनोद आढळतात. मापाच्या विनोदाला व्यवहाराची जोडही आहे: इतर दुकानांत मिळत नाहीत अशी मोठी मापे या बाजारात सहज मिळतात.

काही टी-शर्टांवर केवळ ६८५, ६७६ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय?

ते देशांचे दूरध्वनी संकेतांक आहेत. सामोआचा ६८५, टोंगाचा ६७६, फिजीचा ६७९, कुक बेटांचा ६८२, नियुएचा ६८३. आपल्या वस्तीचा क्रमांक मिरवण्याची हिपहॉपची रीत येथे बेटांना लावली गेली. ज्या घरांतून दर रविवारी महागडा दूरध्वनी लावून आजीशी दोन मिनिटे बोलले जाई, त्या घरातील मुलाला हे तीन आकडे कोणत्याही नकाशापेक्षा लवकर पाठ होत असत.

बेटांवर पूर्वी शिवलेले कपडेच नव्हते, मग टी-शर्टाला परंपरा कसे म्हणता येईल?

शिवलेले नव्हते, परंतु कापड होते आणि ते बोलतही होते. तुतीवर्गीय झाडाची आतली साल ओली करून, लाकडी दांड्याने बडवून, तुकडे जोडून मोठे वस्त्र करत. त्याला सामोआत ‘सिआपो’, टोंगात ‘न्गातु’ आणि फिजीत ‘मासी’ म्हणतात, आणि बाहेरच्या जगात ‘टापा’ हे सामान्य नाव रूढ आहे. त्यावरील ठशांतून घराणे, ठिकाण आणि प्रसंग ओळखता येत असे. पुढे ख्रिस्ती मिशनरी आले. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० साली सामोआला पोहोचले, आणि उघडे खांदे झाकले जावेत असा आग्रह त्यांच्याबरोबर आला. या काळात ताहितीकडून ‘तिपुता’ हे वस्त्र पसरले: सालीच्या कापडाला मधोमध भोक पाडून त्यातून डोके घालायचे, बस्स. म्हणजे गळ्यातून घालायचे, पुढे-मागे नक्षी असलेले वस्त्र या महासागरात किमान २०० वर्षे जुने आहे.

राजकीय वस्त्राचेही उदाहरण आहे. न्यूझीलंडने १९१४ साली जर्मनीच्या ताब्यातील सामोआ घेतला आणि १९६२ पर्यंत तेथे राज्य केले. त्या सत्तेविरुद्धच्या ‘माउ’ चळवळीचे लोक पांढरा पट्टा असलेला निळा लव्हालव्हा गणवेश म्हणून नेसत. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपिया येथे त्यांच्या शांततापूर्ण मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे यांचा मृत्यू झाला. ‘सामोआ मो सामोआ’, म्हणजे सामोआ सामोअनांसाठी, ही त्या चळवळीची घोषणा आज टी-शर्टावर दिसते, तेव्हा ती केवळ सजावट नसते.

खेळाचे टी-शर्ट यात धरावेत का?

अवश्य धरावेत, कारण या समाजाला रस्त्यावर एकाच रंगात उतरवण्याचे सामर्थ्य फक्त त्यांनी दाखवले. ११ नोव्हेंबर २०१७ रोजी रग्बी लीग विश्वचषकात टोंगाने हॅमिल्टन येथे न्यूझीलंडचा २८-२२ असा पराभव केला. न्यूझीलंडकडून खेळू शकणाऱ्या जेसन टाउमालोलोने त्याआधी टोंगाची निवड केली होती, आणि त्या आठवड्यांत दक्षिण ऑकलंडचे रस्ते लाल टी-शर्टांनी आणि लाल झेंड्यांनी भरून गेले होते. संघाचे ‘माते माआ टोंगा’ हे नाव म्हणजे टोंगासाठी मरण पत्करणे. सामोआच्या निळ्याला अशी संधी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली, जेव्हा त्यांचा संघ इंग्लंडला २७-२६ ने हरवून अंतिम सामन्यात गेला आणि तेथे ऑस्ट्रेलियाकडून हरला.

हवाईचे टी-शर्ट यापेक्षा वेगळे आहेत का?

वेगळे आहेत, कारण तेथे पर्यटकांचा बाजार आधीपासूनच प्रचंड होता. होनोलुलूचे व्यापारी एलरी चन यांनी १९३० च्या दशकात ‘अलोहा’ हे नाव आपल्या सदऱ्यांसाठी नोंदवले, तेव्हापासून फुलांचा रंगीत सदरा हे बेटाचे बाहेरच्यांसाठी असलेले रूप झाले. स्थानिकांचे टी-शर्ट म्हणूनच पिजिन या तेथील मिश्र इंग्रजी बोलीकडे आणि स्थानिक आठवणींकडे वळले. ‘एडी वुड गो’, म्हणजे ‘एडी गेला असता’, हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध वाक्य. एडी आयकाउ हा वाइमेआ उपसागरावरील जीवरक्षक. मार्च १९७८ मध्ये होकुलेआ ही पारंपरिक जोडनौका समुद्रात उलटली, तेव्हा मदत आणण्यासाठी तो लाटांवर चालवायची फळी घेऊन एकटाच निघाला. बाकीचे वाचले, तो पुन्हा दिसला नाही. तीन शब्दांत शौर्य, दुःख आणि थोडासा खट्याळपणा असे सगळे बसते. मौना केआ पर्वतावरील नियोजित महादुर्बिणीविरुद्धच्या २०१५ आणि २०१९ च्या आंदोलनांत ‘कू किआई मौना’, पर्वताचे रक्षक होऊन उभे राहा, ही घोषणाही अशीच अंगावर आली.

हवामान बदलासारख्या गंभीर विषयावरही असे टी-शर्ट असतात का?

असतात, मात्र त्यांत विनोद कमी आणि निर्धार जास्त असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘पॅसिफिक क्लायमेट वॉरियर्स’ या तरुणांनी ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील कोळशाच्या बंदरात होड्या घालून जहाजांची वाट अडवली. ‘आम्ही बुडत नाही, आम्ही लढत आहोत’ ही त्यांची घोषणा फलकांवरून टी-शर्टांवर गेली. तिची खोच सूक्ष्म आहे: बुडणारी बेटे म्हणून येणारी सहानुभूतीही तिने नम्रपणे परत केली आहे.

हे टी-शर्ट छापतात कसे? त्यांचे रंग इतके मोजके का असतात?

बहुतेक स्क्रीन प्रिंटिंगने. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीला प्रकाशाने घट्ट होणारे रसायन लावतात, त्यावर चित्राची काळी प्रत ठेवून प्रकाश देतात, आणि झाकलेला भाग धुऊन काढतात. उरलेल्या मोकळ्या जाळीतून रबरी पट्टीने शाई टी-शर्टावर ओढतात आणि मग ती साधारण १६० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने पक्की करतात. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, आणि काळ्या कापडावर रंग उठण्यासाठी खाली पांढरा थर द्यावा लागतो. म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला एक किंवा दोन रंगच परवडत, आणि योगायोग असा की मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हेही दूरवरून ओळखू यावीत म्हणून पुष्कळदा एक-दोनच रंगांची असतात. सोंग घेणे त्यामुळे तांत्रिकदृष्ट्याही सोपे गेले.

दुसऱ्या कंपनीच्या चिन्हाची अशी नक्कल कायदेशीर आहे का?

धोक्याची आहे. न्यूझीलंडच्या १९९४ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनासाठी वेगळी सूट नाही. शेजारच्या ऑस्ट्रेलियाने ती २००६ साली दिली. व्यापारचिन्हाचा कायदा आणखी वेगळा. व्यवहारात मात्र बाजारातील टेबलावर विकल्या जाणाऱ्या चाळीस टी-शर्टांकडे मोठी कंपनी सहसा लक्ष देत नाही, आणि दिलेच तर एका सामोअन विद्यार्थ्यावर खटला भरल्याची बातमी तिलाच महाग पडते. ज्यांना धंदा वाढवायचा असतो ते पुढे स्वतःची चित्रे काढू लागतात.

सामोअन किंवा माओरी गोंदणाची नक्षी छापण्यास काही हरकत आहे का?

आहे, आणि येथे थट्टा संपते. सामोअन पुरुषाचा ‘पेआ’ कमरेपासून गुडघ्यांपर्यंत असतो, स्त्रियांचा ‘मालू’ मांड्यांवर असतो. दोन्ही वेदना सोसून, कुटुंबाच्या साक्षीने आणि जबाबदारी स्वीकारून घेतले जातात. ऑगस्ट २०१३ मध्ये नायके कंपनीने पेआची नक्षी छापलेल्या स्त्रियांच्या तंग विजारी बाजारात आणल्या. पुरुषांची नक्षी स्त्रियांच्या अंगावर, तीही विचारल्याशिवाय, यावरून एवढा संताप उसळला की कंपनीने माफी मागून त्या मागे घेतल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये डिस्नेने माउई या देवतुल्य वीराचा, तपकिरी कातडी आणि गोंदण छापलेला, मुलांचा पोशाख असाच मागे घेतला. न्यूझीलंडच्या २००२ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार माओरींना, म्हणजे त्या देशाच्या मूळ रहिवाशांना, दुखावण्याची शक्यता असलेले चिन्ह नोंदवणे नाकारता येते. बाजारातील टी-शर्टांच्या बाहीवर अशी नक्षी दिसते, परंतु जाणती मंडळी पेआ जसाच्या तसा न छापता त्यातील एखादा सुटा आकार घेतात.

ते पापासारख्या राष्ट्रीय संग्रहालयाने टी-शर्ट का जपले आहेत?

कारण १९७०नंतरच्या शहरी प्रशांत महासागरी जीवनाचा पुरावा केवळ टापा आणि लाकडी कोरीवकामात सापडत नाही. १९९८ मध्ये वेलिंग्टनच्या बंदराकाठी नव्या वास्तूत उघडलेल्या या संग्रहालयाच्या संग्रहात पोपोहार्डवेअरचे टी-शर्टही आहेत. आम्लविरहित कागदात गुंडाळलेला, कधीही न धुतला जाणारा टी-शर्ट ही कल्पना मला थोडी हास्यास्पद वाटते; पण गळ्याजवळ विरलेल्या आणि मग फरशी पुसायला गेलेल्या हजारो टी-शर्टांचे काय झाले, हे पाहिले की संग्रहालयाचे म्हणणे पटते.

भारतीय माणसाने असा टी-शर्ट घालावा का?

उत्तर टी-शर्टावर काय लिहिले आहे यावर अवलंबून आहे. टोंगाच्या संघाचा लाल टी-शर्ट, भाषा सप्ताहाचा, शाळेच्या महोत्सवाचा किंवा मित्राच्या घरच्या कुटुंबमेळाव्याचा टी-शर्ट घातल्यास बहुधा स्वागतच होईल. ‘फ्रेशी’ किंवा ‘कोकोनट’ लिहिलेला टी-शर्ट मात्र आपण घातला तर शब्द तोच राहून तोंड बदलते, आणि परत घेतलेला दगड पुन्हा फेकल्यासारखा होतो. ‘घाटी’चा टी-शर्ट दक्षिण मुंबईतील एखाद्या बिगरमराठी तरुणाच्या अंगावर पाहिल्यास आपल्याला जे वाटेल, तीच येथील कसोटी समजावी.

फिजीच्या भारतीयांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांहून अधिक गिरमिटिये मजूर फिजीला नेले गेले. त्यांत मराठी माणसे फारच थोडी. बहुसंख्य लोक संयुक्त प्रांत, बिहार आणि पुढे मद्रासकडचे होते. १९८७ आणि २०००च्या सत्तांतरांनंतर त्यांच्या अनेक वंशजांनी ऑकलंड गाठले. पाच पिढ्या प्रशांत महासागरात काढूनही न्यूझीलंडच्या जनगणनेत ते आशियाई गटात मोजले जातात. ६७९ हा आकडा छातीवर घालणारा असा तरुण भेटला, तर तो कोणाचे घेऊन मिरवतो आहे असा प्रश्न विचारण्याआधी थोडे थांबावे. तो आकडा त्याच्याही आजीच्या दूरध्वनीचा आहे.

कुटुंबमेळाव्याचे टी-शर्ट म्हणजे काय?

ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि बेटांवर विखुरलेले कुटुंब काही वर्षांनी एकत्र जमते, तेव्हा सर्वांसाठी एकाच रंगाचे टी-शर्ट छापतात: पुढे आडनाव आणि वर्ष, मागे आजी-आजोबांच्या मुलांची नावे. कोणाच्या शाखेला कोणता रंग, यावरून फोनवर महिनाभर चर्चा होते. कोणी गेले तरीही त्यांचे छायाचित्र छापलेले टी-शर्ट निघतात. मला विचाराल तर या सर्व प्रकारांत सर्वाधिक छापला जाणारा आणि ज्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले असा टी-शर्ट हाच असावा, कारण तो विकण्यासाठी नसतो.

ऑकलंडला गेल्यास हे टी-शर्ट प्रत्यक्ष कोठे पाहता येतील?

शनिवारी सकाळी ओटाराच्या बाजारात. १९७६ साली ओटाराच्याच हिलरी कॉलेजमध्ये सुरू झालेला शालेय नृत्यांचा पॉलीफेस्ट हा महोत्सव आता दरवर्षी दक्षिण ऑकलंडमध्ये मोठ्या मैदानावर भरतो, आणि तेथे प्रत्येक शाळेच्या पाठीराख्यांचे टी-शर्ट दिसतात. बाजाराला जायचे असल्यास लवकर निघावे, कारण दुपारपर्यंत ठेले आवरले जातात आणि चांगली मापे त्याच्याही आधी संपतात. रोख पैसे जवळ ठेवावेत. टी-शर्टावरचे वाक्य समजले नाही, तर विकणाऱ्याला विचारायला लाजू नये. तो आधी हसेल आणि मग सांगेल.